आजारी मुलांसाठी झाकणाचा लाकडी डबा: लाकूड निवडण्यापासून वॉर्डात पोहोचवेपर्यंत

कुंकवाच्या करंड्याचं झाकण घट्टच बसलं पाहिजे, नाहीतर कुंकू सांडलंच म्हणून समजा. म्हणून लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातणारा माणूस पहिल्यापासून घट्ट झाकणाचा सराव करतो. झाकण ओढताना ‘टप्प’ असा आवाज आला की काम जमलं, असं मानतो. इथं ज्या डब्याची कृती सांगतोय, त्याला हे कसब चालत नाही. हा डबा महिनोन्‌महिने उपचार घेणाऱ्या मुलाच्या मांडीवर जाणार आहे. त्या मुलाच्या एका हाताला सलाईनची सुई असते, ती हलू नये म्हणून हाताला पट्टी बांधलेली असते आणि दुसऱ्या हातात फारशी ताकद नसते. झाकण एका हातानं, जोर न लावता निघालं पाहिजे. माप, लाकूड, पॉलिश यांचे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून ठरवायचे.

कल्पना मूळची अमेरिकेतली. तिथं ‘बीड्स ऑफ करेज’ नावाची संस्था आहे. तिच्या कार्यक्रमात गंभीर आजारी मुलाला उपचाराच्या प्रत्येक टप्प्याला एक मणी मिळतो. सुई टोचली की काळा, केमोथेरपी झाली की पांढरा, रात्र रुग्णालयात काढली की पिवळा, रक्त चढवलं की लाल. रेडिएशनचा मणी अंधारात चमकतो. मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात, त्यामुळे माळ वाढत वाढत शेकडो मण्यांची होते. ती ठेवायची कुठं? अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही १९८६ साली स्थापन झालेली लाकूड कातणाऱ्यांची संघटना. तिच्या सभासदांनी या मुलांसाठी झाकणाचे डबे कातून द्यायला सुरुवात केली आणि आता गावोगावचे गट ते करतात.

आपल्या वॉर्डात मण्यांचा कार्यक्रम असो वा नसो, डब्याची गरज आहेच. लांबचा उपचार घेणाऱ्या मुलाकडे बारीकसारीक वस्तू साठत जातात: मनगटावरचा नावाचा पट्टा, नर्सताईनं दिलेला स्टिकर, गोट्या, केस गळायच्या आधीची क्लिप, भावानं पाठवलेली चिठ्ठी. रुग्णालयात त्या मुलाच्या मालकीचं असं काही नसतं. कॉट, गाऊन, ताट, सगळं रुग्णालयाचं. स्वतःचा, झाकण असलेला, स्वतः उघडायचा एक डबा त्याच्याजवळ असणं मोलाचं आहे.

आधी रुग्णालयात विचारा

लाकडाला हात लावायच्या आधी मुलांच्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरना भेटा. कोल्हापूरच्या सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय असो वा खासगी, लाकडी वस्तू वॉर्डात चालते का, कशानं पुसली जाते, किती मुलं दीर्घ उपचारावर आहेत, हे तिथंच कळतं. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी खाली आल्या की साधा जंतुसंसर्गसुद्धा जिवावर बेतू शकतो, म्हणून काही विभागांत बाहेरच्या वस्तूंवर कडक बंधनं असतात. तसं असेल तर डबा मुलाला घरी जाताना द्यायचा असं ठरवता येतं.

एक गोष्ट मात्र आग्रहानं सांगतो. वॉर्डात बारा मुलं असतील तर बारा डबे तयार झाल्याशिवाय एकही नेऊ नका. शेजारच्या कॉटवर डबा आला आणि आपल्याला नाही, हे सात वर्षांच्या मुलाला कुणीच समजावू शकत नाही. वर दोन-चार जास्तीचे करून ठेवा, कारण नवं मूल कधीही दाखल होतं.

माप

डब्याचं अंग बाहेरून १५० मिलिमीटर व्यासाचं, उंची ९५. भिंत ८ मिलिमीटर, बूड ९. आत सुमारे बाराशे मिलीची जागा होते; मोठी माळ आणि वर मूठभर वस्तू आरामात मावतात. झाकणाचा व्यास १५८ ठेवा, म्हणजे ते सगळीकडून चार-चार मिलिमीटर बाहेर येतं आणि बोट खालून घालून उचलता येतं. झाकणाची जाडी १२, वर मूठ २२ उंच.

भिंत पातळ करण्याचा मोह आवरा. तीन मिलिमीटरची भिंत प्रदर्शनात छान दिसते, पण हा डबा कॉटवरून फरशीवर पडणार, हे धरूनच चालायचं. जाड भिंतीनं वजन वाढतं हेही खरं, म्हणून लाकूड हलकं निवडायचं. या मापाचा शिवणीचा डबा साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा होतो, बाभळीचा सहाशेच्या घरात जातो. अशक्त मुलाच्या मांडीवर हा फरक जाणवतो.

मूठ झाकणाच्याच लाकडातून कातायची, वेगळी चिकटवायची नाही. चिकटवलेली मूठ आज ना उद्या निघते आणि लहान भावंडाच्या तोंडात जाते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकेल अशी वस्तू ओळखायला खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू धोक्याची. म्हणून मूठ ३५ मिलिमीटर रुंद ठेवा आणि तिचा माथा सपाट करा. सपाट माथ्याचा आणखी एक उपयोग म्हणजे झाकण काढून उलटं ठेवलं तरी ते कॉटवर स्थिर बसतं. गोल बोंडाची मूठ असेल तर ते कलंडतं, घरंगळतं, खाली पडतं. आणि वॉर्डात खाली पडलेली वस्तू आई परत मुलाच्या हातात देत नाही.

कोणतं लाकूड

माझी पहिली पसंती शिवण. हलकी, फिकट पिवळसर, वाळल्यावर फारशी हलत नाही, हत्याराखाली लोण्यासारखी सुटते. दुसरा हेद, ज्याला हळदू म्हणतात. पिवळा, अगदी एकसारख्या रेषांचा. कातकामासाठी याच्याइतकं समाधान देणारं लाकूड आपल्याकडे कमी. वजनाला शिवणीपेक्षा जड. फणसही चांगला, त्याचा रंग वर्षभरात पिवळ्याचा तपकिरी होत जातो. मिरजेत सतार-तंबोऱ्यासाठी तुणीचं लाकूड वापरतात. ते हलकं आणि लालसर असतं, मिळालं तर घ्या, पण ताज्या कापाला वास असतो तो पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका.

वासाचा मुद्दा इथं फार महत्त्वाचा. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला वासानं मळमळतं. आपल्याला जो वास सुगंध वाटतो तोच त्याला नकोसा होतो. उग्र वासाचं कुठलंही लाकूड, कितीही सुंदर असलं तरी, या कामाला नाही.

सागवान आणि शिसव कातताना उडणारी धूळ काही जणांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, आणि शिसव जडही आहे. बिब्ब्याच्या झाडाच्या चिकानं अंगावर फोड येतात; कण्हेर तर विषारीच. ही दोन्ही लाकडं कारखान्यातसुद्धा आणू नका. आंब्याच्या लाकडात बुरशीनं काळ्या-राखाडी रेघा पडतात आणि त्या हौशी कातकामात आवडीनं दाखवतात. इथं त्या नकोत. ज्याची प्रतिकारशक्ती खाली गेली आहे त्याच्याजवळ बुरशी लागलेलं लाकूड नेऊच नये. सालीलगतचं मऊ लाकूडही काढून टाका, किडे तिथंच भोकं पाडतात आणि मग डब्याखाली रोज पिठासारखा भुगा पडतो.

लाकूड मिळवणं कोल्हापुरात अवघड नाही. टिंबर मार्केटमध्ये वखारवाल्याला काम कशासाठी आहे ते सांगा. चांगला ओंडका बाजूला ठेवणारी माणसं भेटतात. रस्त्याकडेचं तोडलेलं झाड उचलायचं तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी. ओंडका किमान दीड फूट व्यासाचा पाहा. झाडाचा मधला गाभा डब्यात आला की तडा ठरलेलाच. गाभ्याच्या एका बाजूला १७५ मिलिमीटरचा ठोकळा निघाला पाहिजे, म्हणून एवढा मोठा ओंडका लागतो. तेवढा मिळत नसेल तर वाळलेल्या फळ्या एकमेकींवर चिकटवून ठोकळा करा. दोन वेगळ्या रंगांच्या फळ्या घेतल्या तर मुलांना ते पट्टे आवडतात.

खडबडीत कातणं आणि वाळवणं

ओल्या लाकडाचा डबा थेट पूर्ण केला तर तो महिन्यात लंबगोल होतो. म्हणून काम दोनदा करायचं.

ओंडक्याच्या रेषा लेथच्या अक्षाला समांतर ठेवून १७० मिलिमीटर लांबीचा ठोकळा कापा. आडव्या रेषांपेक्षा असा डबा आकार जास्त टिकवतो. लेथच्या दोन केंद्रांमध्ये धरून गोल करा आणि दोन्ही टोकांना चकात (लेथच्या जबड्यांच्या पकडीत) धरायचे ८ मिलिमीटर लांबीचे टेनन, म्हणजे गोल खुंट, काढा. मग झाकणाचा भाग पार्टिंग टूलनं, म्हणजे तुकडा कापून वेगळा करायच्या अरुंद हत्यारानं, वेगळा करा. अंगाचा भाग आतून पोकळ करा, पण भिंत १६-१७ मिलिमीटर जाड सोडा. व्यासाच्या एक दशांश जाडी, असा हा ठोकताळा आहे. वाळताना डबा वाकडा झाला तरी त्यातून नेमका गोल काढायला लाकूड उरतं.

दोन्ही तुकड्यांच्या कापलेल्या तोंडांना वितळवलेलं मेण लावा, कारण पाणी तिथूनच भराभर निघून जातं आणि तडे तिथूनच सुरू होतात. दोन्ही तुकड्यांवर एकच क्रमांक टाका. त्याच लाकडाच्या छिलक्यांबरोबर कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा. गच्चीवर उन्हात नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून पिशवीवरच लिहीत जा. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन तेच राहिलं की लाकूड वाळलं.

आपल्या हवेत दिवाळीनंतर ठेवलेले तुकडे उन्हाळ्यापर्यंत तयार होतात. जूनमध्ये ठेवलेल्यांवर मात्र पावसाळाभर बुरशीची टांगती तलवार. पंचगंगेला पूर यायच्या दिवसांत घरातली दारंसुद्धा चौकटीत अडकतात, तिथं ओल्या ठोकळ्याची काय कथा!

लेथ, हत्यारं आणि स्वतःची काळजी

शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात आयुष्यभर लोखंड कातलेले टर्नर कोल्हापुरात घरटी सापडतील. त्यातले निवृत्त झालेले कितीतरी जण या कामाला लाख मोलाचे आहेत: मापाची नजर, हत्याराला धार लावायचा हात, मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणं, सगळं तयार. फक्त एक सवय मोडावी लागते. लोखंडाच्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये पक्कं असतं, इथं ते हातात असतं आणि टूल रेस्टवर टेकवून चालवायचं असतं. लाकडाची रेषा कुठं वळते ते हाताला कळावं लागतं. महिनाभर भंगार लाकडावर सराव केला की हात बसतो.

दहा इंच व्यास फिरेल असा लाकूड कातायचा मध्यम लेथ, चार जबड्यांचा चक, पन्हळीसारख्या पात्याचे, गोल धारेचे दोन गोज, एक पार्टिंग टूल आणि खरवडायला एक गोल टोकाचा जाड स्क्रेपर एवढ्यावर काम भागतं. फेसप्लेट, म्हणजे ठोकळा स्क्रूनं बसवायची चकती, उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये करून मिळते. धातूच्या कामातून बाद झालेल्या हायस्पीड स्टीलच्या जाड पट्ट्यांपासून स्क्रेपर घासून घेता येतो. जुनी कानस घासून स्क्रेपर करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कानशीचं पोलाद ठिसूळ असतं आणि अडकलं की तुकडे उडतात.

वेगाचा हिशेब सोपा आहे. व्यास इंचात आणि फेरे मिनिटाला घेऊन गुणाकार केला की तो सहा हजार ते नऊ हजारांच्या मध्ये राहिला पाहिजे. सहा इंचांच्या डब्याला म्हणजे १००० ते १५०० फेरे. ठोकळा अजून गोल झालेला नसेल तर पाचशेच्या वर जाऊ नका.

चेहरा झाकणारी जाड प्लास्टिकची ढाल घाला. नुसता चष्मा पुरत नाही. हातमोजे नकोत. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी, हातातलं कडं, मनगटावरचा दोरा, काही नको. धुळीला कमी समजू नका. लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलं आहे. एन-९५ मास्क प्रत्येक वेळी, पॉलिश पेपर मारताना तर हटकून. आजारी मुलांसाठी काम करताना आपण आपलं फुप्फुस खराब करून घ्यायचं कारण नाही.

अंतिम कातकाम

आधी झाकण. मुठीच्या बाजूचा टेनन चकात धरा आणि आतली बाजू करा. मध्ये थोडं खोलगट, आणि डब्यात उतरणारा गोल काठ फक्त ४ मिलिमीटर उंच. करंड्याला हा काठ दहा-बारा मिलिमीटर लागतो, पण इथं तो जितका लांब तितका तिरपा होऊन अडकतो. काठाची बाहेरची बाजू टोकाकडे किंचित निमुळती करा, म्हणजे झाकण वाकडं ठेवलं तरी आपोआप सरकून जागेवर बसतं. आतली बाजू इथंच पॉलिश पेपर मारून पूर्ण करा.

मग अंग चकात धरा. वाळताना आलेला लंबगोलपणा आधी बाहेरून काढा, नंतर आतून. खोली ठरवायला मधोमध ८६ मिलिमीटर खोल भोक पाडा. ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टी लावून खूण करा, अंदाजानं पाडायला गेलात तर बूड फुटतं. रेषा अक्षाला समांतर असल्यानं गोज मधून बाहेरच्या दिशेनं चालवा; बाहेरून आत आलात की रेषा उचकटतात. शेवटचा हात स्क्रेपरचा, अगदी हलका.

भिंत आणि बूड जिथं मिळतात तिथं चौकोनी कोपरा सोडू नका. चांगला गोल वळसा द्या, इतका की ओलं फडकं बोटात धरून एका फेरीत सगळं पुसून निघेल. कोपऱ्यात मळ बसतो आणि वॉर्डात तो चालत नाही. याच कारणानं बाहेरही खोल खाचा, नक्षी, मखमलीचं अस्तर, बुडाला फेल्ट, काहीही लावू नका. सजावट हवी असेल तर लेथ फिरत असताना पातळ तार दाबून जाळलेल्या दोन-तीन रेघा पुरेशा आहेत; त्या दिसतात छान आणि त्यात धूळ अडकत नाही.

आता सैलपणा. डब्याच्या तोंडात झाकणाचा काठ बसेल तिथं सगळीकडून १ मिलिमीटर मोकळा ठेवा. मे महिन्यात हे फारच सैल वाटेल. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, आणि सगळीकडे सारखं फुगत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेनं जास्त, त्याच्या आडव्या दिशेनं कमी. त्यामुळे गोल डबा जुलैत जरासा लंबगोल होतो, झाकणही होतं. झाकण मूळच्या दिशेनं ठेवलं तर बसतं, पण मूल ते कसंही फिरवून ठेवणार. पाव वळसा फिरलं की दोन लंबगोल एकमेकांवर आडवे येतात आणि झाकण रुततं. ही एक मिलिमीटरची मोकळीक त्यासाठीच आहे.

झाकणाची वरची बाजू करताना एक अडचण येते. घट्ट झाकण असेल तर ते डब्यावरच दाबून बसवतात आणि वरून कातून पूर्ण करतात. आपलं झाकण सैल, ते डब्यावर धरणारच नाही. म्हणून भंगार लाकडाचा एक गोल तुकडा चकात धरा, त्यात झाकणाचा काठ घट्ट बसेल अशी खाच कातून घ्या आणि त्यात झाकण उलटं दाबा. टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या समोरच्या टोकाचा, आधार शेवटपर्यंत काढू नका. मुठीच्या माथ्यावर उरलेला बारीक खुंट नंतर पटाशीनं कापून हातानं घासा. डब्याचं बूडही असंच, पण मध्ये किंचित आत दबलेलं करा, म्हणजे तो कडेवर बसतो आणि डुगडुगत नाही.

पॉलिश पेपर १२० नंबरपासून सुरू करून १८०, २४०, ३२० असा. मध्ये एकदा ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या. तंतू उभे राहतात, मग परत ३२० मारा. फिरत्या डब्यात बोटं घालू नका, आतलं काम वेग निम्म्यावर आणून कागदाच्या लांब घडीनं करा.

आता परीक्षा. आपल्याच हाताची तीन बोटं चिकटपट्टीनं एकत्र बांधा, दुसरा हात पाठीमागे धरा, डबा मांडीवर ठेवा आणि झाकण उघडून परत लावा. नंतर मूठ धरून उचला: झाकण एकटं वर आलं पाहिजे, डबा जरासुद्धा सोबत उठता कामा नये. झाकण पाव-पाव वळसा फिरवून चारही दिशांना हेच करा. एखाद्या दिशेला अडलं तर काठ अजून घासा. शक्य असेल तर घरातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाकडं द्या आणि काहीही न सांगता नुसतं बघत बसा. ते झाकण कुठं धरतं, कसं ठेवतं, यातून जे कळतं ते मापाच्या पट्टीनं कळत नाही.

पॉलिश

आपल्याकडची लाकडी कामाची परंपरा लाखेची. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी लाखेनंच चमकतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून चढते. ही सुरक्षित आणि देखणी पद्धत आहे, आणि मनानं मला तीच हवी असते. तरीही या डब्याला ती वापरू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि वॉर्डात प्रत्येक हाताला स्पिरिटचं सॅनिटायझर लागलेलं असतं. नर्सनं, आईनं ओलसर हातानं डबा धरला की बोटांचे ठसे उमटतात, पृष्ठभाग चिकट होतो. चपडीच्या पॉलिशचंही तेच.

नुसतं तेल किंवा मेण लावलं तर डबा नीट पुसता येत नाही. शिवाय अक्रोडाचं किंवा शेंगदाण्याचं तेल नकोच, या पदार्थांची ॲलर्जी काही मुलांना जिवावर बेतण्याइतकी असते. बाजारातल्या ‘डबल बॉइल्ड’ जवसाच्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, तेही टाळा.

मी पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन सुचवतो. घेताना खेळण्यांसाठीच्या आयएस ९८७३ या भारतीय मानकाला उतरल्याची नोंद पॉलिशच्या डब्यावर आहे का ते पाहा. त्याच्या तिसऱ्या भागात शिसं, कॅडमियम यांसारखे घातक धातू किती सुटू शकतात याच्या मर्यादा दिल्या आहेत. आतून-बाहेरून तीन पातळ हात, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू देऊन ३२० चा हलका स्पर्श. रंग हवा असेल तर तोही याच मानकाचा. होळीच्या किंवा पाटपूजेच्या पुड्यांतले रंग कधीच नाहीत.

हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. झाकण बाजूला काढून, हवेशीर जागेत, महिनाभर ठेवा. मग झाकण लावून एक दिवस बंद ठेवा, दुसऱ्या दिवशी उघडून नाक आत घाला. जरासाही वास आला तर अजून पंधरा दिवस. त्याच पॉलिशचा हात दिलेला एक भंगार तुकडा ठेवा आणि त्यावर सॅनिटायझरचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. डाग पडला नाही, चिकटपणा आला नाही, तर डबा जायला तयार.

काय लिहावं आणि कसं द्यावं

डब्यावर ‘लवकर बरा हो’ लिहू नका. वाचायला साधं वाटतं, पण सगळी मुलं बरी होत नाहीत, आणि काही आई-बापांच्या घरात हा डबा मुलाच्या मागे राहतो. देवाचं चित्र, आजाराचं नाव, मंडळाचं नाव, काहीच नको. बुडाखाली लाकडाचं नाव आणि एक क्रमांक एवढंच जाळून लिहा. ‘शिवण’, ‘हेद’, ‘फणस’ हे मुलं वाचतात, विचारतात, आणि गप्पा आजारातून झाडाकडे वळतात.

नेण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक डबा ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसा, पूर्ण कोरडा करा आणि धुतलेल्या हातांनी झिपच्या पिशवीत बंद करा. भुश्याचा एक कणसुद्धा आत राहायला नको. वॉर्डात स्वतः जायचा हट्ट धरू नका. इनचार्ज सिस्टरच्या टेबलावर द्या, त्या योग्य वेळी देतील. हार-तुरे, शाल-श्रीफळ, फ्लेक्स, मुलांसोबत फोटो यांतलं काहीही करू नका. केस गेलेल्या, सुजलेल्या चेहऱ्याच्या मुलाला अनोळखी माणसांच्या कॅमेऱ्यासमोर उभं करायचा हक्क आपल्याला देणगीनं मिळत नाही. सिस्टरना एवढीच विनंती करा की डबे ट्रेमध्ये मांडून मुलांना आपला आपण निवडू द्यावा. ज्या दिवसांत सुई कधी, गोळी कधी, जेवण काय, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं, त्या दिवसांत पिवळा घ्यायचा की तांबूस, हे मुलानं ठरवावं.

क्रमांकाचा उपयोग नंतर होतो. प्रत्येक क्रमांकापुढे लाकूड, तोंडाचा आतला व्यास आणि झाकणाच्या काठाचा व्यास वहीत लिहून ठेवा, आणि त्याच लाकडाचा एक वाळलेला तुकडा जपून ठेवा. रुग्णालयाला सांगून ठेवा: झाकण फुटलं, हरवलं, तर नुसता क्रमांक कळवा, डबा परत पाठवायची गरज नाही. मूल चंदगडचं असो की निपाणीचं, पुढच्या तपासणीच्या तारखेला नवं झाकण वॉर्डात पोहोचलेलं असेल.